चुलीवरून उतरल्यावर मध

कोरेगावच्या स्वयंपाकघरात गोडाचा मान गुळाचा. आमटीत गुळाचा खडा, पुरणात गूळ, घारग्यांत गूळ, संक्रांतीच्या पोळीत गूळ. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर पाण्याआधी ठेवायचा तोही गूळच. मध आमच्या घरांत असतो, नाही असं नाही. पण त्याच्या जागा दोनच. एक देवघरात, पंचामृतासाठी. दुसरी औषधांच्या फळीवर, खोकल्यासाठी. पूजा झाली, खोकला गेला, की बाटली पुन्हा मागे सरकते आणि वर्षभरात तिच्या झाकणाभोवती साखरेसारखे खडे धरतात. साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंतचा डोंगर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात मधाची ही गत मला बघवत नाही, म्हणून हा लेख.

माझं माहेर जावळी खोऱ्यातलं, मेढ्याच्या पलीकडचं. सासर कोरेगावचं. अंतर फार नाही, पण पाऊस, झाडं, पिकं सगळं वेगळं. माहेरी घरामागच्या उतारावर अण्णांच्या मधपेट्या होत्या. सातेरी माश्यांच्या. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत उभे असायचे, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या वाट्या भरायचं काम आम्हा मुलांचं. मधाचा हंगाम आला की चौकटी काढायच्या, वरची मेणाची झाकणं सुरीनं उतरवायची, चौकट मधयंत्रात बसवायची आणि हातानं दांडा फिरवायचा. पोळं न मोडता मध बाहेर येतो आणि रिकामी चौकट माश्यांना परत मिळते. आणि भर पावसात, जेव्हा डोंगरावर एक फूल दिसत नाही, तेव्हा आई चुलीवर साखरेचा पाक करायची, तो माश्यांसाठी. तिकडचा पाऊस असा की माशीला पेटीबाहेर पडता येत नाही. खायला घातलं नाही तर वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून जाते. साखर माश्यांना आणि मध माणसांना, हा व्यवहार मी लहानपणी चुलीशी बसून पाहिलेला आहे.

महाबळेश्वरात मधाचं काम जुनं आहे. मधपाळांची सहकारी संस्था तिथे आहे, राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे. पुण्याला १९६२ मध्ये मधमाशांवरची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. आणि २०२२ च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावचंही नाव त्यात आलं. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असून आमच्याकडच्या कुठल्याही घरी विचारा, मधाचा एखादा पदार्थ सांगा. उत्तर येतं, ‘गरम पाण्यात लिंबू-मध.’

मध सगळा एकच, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध उन्हाळ्यात निघतो. त्याला किंचित कडवट, तुरट शेवट असतो. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवीचा तर आणखीनच निराळा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलते तेव्हा अख्खा डोंगर एकदम फुलतो. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर जो मध निघतो तो गडद, दाट, जिभेवर रेंगाळणारा. आपल्या सह्याद्रीच्या या झुडपाचं महत्त्व एवढं की देशाच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं मधाचे जे निकष ठरवलेत, त्यांत कारवीच्या मधासाठी शास्त्रीय नावानिशी वेगळी ओळ आहे. इतर मधात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, पाच टक्क्यांपर्यंत चालते. कारवीच्या मधात ती दहा टक्क्यांपर्यंत मान्य आहे, कारण त्याचा पिंडच तसा आहे. दुकानातल्या मोठ्या बाटलीत मात्र कुठकुठल्या प्रांतातला मध एकत्र होऊन येतो. त्याला रंग असतो, गोडी असते. गावाची आणि फुलाची चव उरत नाही.

आता तो स्वयंपाकात वागतो कसा, ते सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. फुलातला रस म्हणजे पातळ साखरपाणी. माशी त्यात आपल्या ग्रंथींतली विकरं मिसळते, त्यानं सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवते. तयार मधात साधारण अडतीस टक्के फ्रुक्टोज, एकतीस टक्के ग्लुकोज आणि सतरा-अठरा टक्के पाणी असतं. आपल्या सातेरी माशीच्या मधात पाणी बऱ्याचदा थोडं जास्त, म्हणून तो पातळ दिसतो. पातळ आहे म्हणजे भेसळीचा, असं म्हणून नाक मुरडू नये.

यातून स्वयंपाकघरात लागणाऱ्या गोष्टी निघतात. फ्रुक्टोज लवकर लाल होतं आणि लवकर करपतं. साखरेच्या पाकाला जेवढी आच सोसते तेवढी मधाला सोसत नाही. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून धरतं, म्हणून मधाचा लाडू, मधाचा केक मऊ राहतो. आणि त्याच कारणानं मधाची चिक्की करायला गेलात तर ती दुसऱ्या दिवशी हाताला चिकटते. मध आंबट असतो. गोडीमुळे ते जिभेला कळत नाही, पण त्याची आम्लता दह्याच्या जवळपासची असते. म्हणून मध घातलेल्या पदार्थात चिंच, लिंबू जरा हात राखून घालावं आणि मध तांब्या-पितळेच्या भांड्यात भरून ठेवू नये. काचेची किंवा चिनी मातीची बरणी बरी.

आणि उष्णता. चरकानं तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. आजचे रसायनशास्त्रज्ञ मध तापला का, जुना झाला का हे त्यातल्या एचएमएफ नावाच्या द्रव्यावरून ओळखतात. मध जितका तापतो तितकं ते वाढतं आणि विकरं कमी होतात. मधाचे केक आणि बिस्किटं युरोपात शतकानुशतकं भाजून खाल्ली जातात, तेव्हा तापलेल्या मधाला विष म्हणण्याएवढा पुरावा माझ्यासमोर नाही. तरीही मी बहुतेक पदार्थांत मध तापवत नाही, आणि त्याचं कारण चव हे आहे. जांभळाच्या मधाचा तो कडसर शेवट, हिरड्याचा वास, हे सगळं उडून जाणारं असतं. उकळीत गेला की मागे नुसती गोडी राहते, आणि नुसती गोडी द्यायला गूळ समर्थ आहे, स्वस्तही आहे. च्यवनप्राशाची जुनी कृती बघा: आवळ्याचा गर, तूप, साखर यांचा पाक चुलीवर होतो, आणि मध पडतो तो सगळं थंड झाल्यावर. ज्यांनी ती कृती बसवली त्यांना मधाचा स्वभाव नेमका ठाऊक होता. माझ्या घरात नियम झाला तो यातूनच: शिजायचं ते गुळात, मध खाली उतरल्यावर.

लग्न होऊन इथे आले तेव्हा माहेरच्या मधाची बरणी बरोबर होती. ती मी भाजीच्या कढईशेजारी ठेवलेली पाहून आत्यांनी विचारलं होतं, “मध काय कालवणात घालायचा असतो व्हय गं?” म्हटलं, “आत्या, कालवणात न्हाई. ताटात वाढताना.” त्यांनी एक घास खाल्ला, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बरणी आपणहून पुढे घेतली.

कोरेगावात मधाला जोडीदार शोधायला लांब जावं लागत नाही. आलं. आमच्या तालुक्यातलं आलं सगळ्या बाजारपेठांत जातं. इथे त्याचा भाव किलोवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात, आणि गाडी म्हणजे पाचशे किलो. अक्षय्य तृतीयेच्या आसपास गादीवाफ्यांवर लागण होते, आणि वर्षाच्या शेवटी-शेवटी नवं आलं निघायला लागतं. नव्या आल्याची साल नखानं निघते, तंतू कमी असतात, तिखटपणा सौम्य असतो. मधात घालायचं ते हेच. जुनं आलं रसासाठी ठेवावं. त्याला तंतू जास्त पण रस झणझणीत.

मधातलं आलं मी असं करते. कोवळं आलं धुऊन, पुसून, साल खरवडून त्याच्या पातळ चकत्या करायच्या. चकत्या फडक्यावर पसरून पंख्याखाली किंवा सावलीत वाळवायच्या, कडा वळायला लागेपर्यंत. ही पायरी टाळू नका. ओल्या आल्यातलं पाणी मध ओढून घेतो, मध पातळ होतो, आणि पातळ मध आंबतो. मग कोरड्या काचेच्या बरणीत चकत्या घालून वर बुडेपर्यंत मध ओतायचा, वर दोन बोटं जागा सोडायची. आलं वाळवलं असलं तरी दोन दिवसांत मध थोडा सैल होतोच. बरणी हलवायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. महिनाभरात संपवायची. वर फेस आला, आंबूस वास आला, तर सरळ टाकून द्यायचं. या बरणीतली चकती चहाबरोबर चघळायला चांगली, पण तिचा खरा उपयोग तो आल्याचा वास उतरलेला मध. रताळी निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून, उभी चिरून, वर मीठ, जरासं लाल तिखट, लोणी आणि हा आल्याचा मध. उपासालाही चालतं, आणि उपास नसताना जास्त खाल्लं जातं.

दुसरा जोडीदार वाघ्या घेवडा. लालसर पट्ट्यांचा हा घेवडा आमच्या तालुक्याची ओळख. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. घरोघरी त्याची उसळ होते, कांदा-लसूण चटणी घालून, झणझणीत. त्या उसळीत मध घालू नका. कांदा-लसूण चटणीपुढे मधाचा वास टिकत नाही, तिथे गुळाचा खडाच योग्य. मधासाठी घेवड्याची कोशिंबीर करावी. वाटीभर घेवडा रात्री भिजत घालायचा, सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात मीठ घालून कुकरला मऊ पण अख्खा शिजवायचा. कच्चट ठेवू नये, अर्धवट शिजलेला घेवडा पोटाला बाधतो. पाणी निथळून बाजूला ठेवायचं, त्याची आमटी होते. दुसऱ्या वाटीत दोन चहाचे चमचे मध, एका लिंबाचा रस, बोटभर आल्याचा रस, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मोठा चमचाभर घाण्याचं शेंगतेल, हे सगळं दाटसर होईपर्यंत फेटायचं. घेवडा कोमट असतानाच त्यावर हे ओतायचं, कारण कोमट दाणा रस पितो, गार दाण्यावरून तो ओघळून जातो. मग बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. तासभर मुरू द्यायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे एक अख्खं जेवण आहे. इथे जांभळाचा मध असेल तर उत्तम. त्याचा तुरटपणा घेवड्याच्या पिठूळपणाला उठाव देतो.

तिखटाला मध फार चांगला लागतो. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ असा नेहमीचा खर्डा करावा, भाकरीवर लोणी, त्यावर खर्डा, आणि वरून अर्धा चमचा मध. मिसळायचा नाही. एका घासात तिखट पुढे येतं, दुसऱ्यात मध. कारल्याचंही तेच. कारल्याच्या चकत्या मीठ लावून पिळून घ्यायच्या, थोड्या तेलात कुरकुरीत परतायच्या, लाल तिखट भुरभुरायचं, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं आणि मग मध आणि थोडा लिंबूरस. गूळ-चिंचेच्या कारल्यात सगळं एकजीव होतं. यात कडू, गोड, आंबट वेगवेगळं कळतं. दोन्ही प्रकार करावेत.

कोंबडीला मध लावायचा तर घाई नको. तंगड्यांना चिरा देऊन आलं-लसूण, लिंबू, हळद, तिखट, मीठ चोळून दोन तास ठेवायचं, पण त्यात मध घालायचा नाही. अनेक जण सुरुवातीलाच मध चोळतात; मग बाहेरून काळं होतं आणि हाडाजवळ कच्चं राहतं. जाड बुडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर मांस पूर्ण शिजवायचं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन चमचे मध, एक चमचा आल्याचा रस, अर्ध्या लिंबाचा रस असं एकत्र करून ते वरून लावायचं, बाजू पालटायची, चकाकी आली की उतरवायचं. हा माझ्या नियमाला अपवाद आहे, इथे मध आचेवर जातो. पण थोडाच वेळ, आणि ती जी खरपूस चव येते ती फ्रुक्टोजच्या लवकर लाल होण्याचीच देणगी आहे. यासाठी महागाचा मध वापरू नये. बाजारातला साधा मध चालतो.

गोडाकडे येते. श्रीखंडात मध घालायचा म्हटलं की बायका म्हणतात, पातळ होतं. होतं, कारण मधात पाणी आहे आणि चक्क्यातलंही पाणी तो बाहेर काढतो. उपाय साधा: दही रात्रभर टांगल्यावर चक्का पुन्हा घट्ट पिळून काही तास वजनाखाली ठेवायचा, गाळून घोटून मऊ करायचा, आणि मध वाढायच्या आधी मिसळायचा. अर्धा किलो चक्क्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम मध पुरतो. वेलची-जायफळ घालायचं तर अगदी कमी, केशर नको. मधालाच त्याचा वास आहे, त्यावर दुसरा वास चढवण्यात अर्थ नाही.

नाचणीचे लाडू मुलांसाठी. पीठ तुपावर खमंग भाजायचं, परातीत काढून हाताला सोसेल इतकं निवू द्यायचं, मग बिया काढून वाटलेला खजूर, भाजलेले तीळ आणि शेवटी मध. गोडी खजुराची, मध तुपाच्या निम्म्याहून कमी, वास येण्यापुरता आणि लाडू मऊ राहण्यापुरता. मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये असं आयुर्वेद सांगतो. आमच्या घरात ते पाळलं जातं, आणि चवीच्या दृष्टीनंही हे प्रमाण बरोबर बसतं.

हिवाळ्यात महाबळेश्वर, जावळी, वाईकडची स्ट्रॉबेरी येते. तिच्या चार फोडी करायच्या, चिमूटभर मीठ, ताजी मिरपूड, चमचाभर मध, आणि पाव तास झाकून ठेवायचं. फळ स्वतःचा रस सोडतं, मध त्यात विरघळतो, आणि वाटीत लाल पाक तयार होतो, न शिजवता. स्ट्रॉबेरीचं आणि माशीचं नातं आणखी एका बाजूनं आहे. स्ट्रॉबेरीच्या फुलात पुष्कळ स्त्रीकेसर असतात. सगळ्यांवर पराग नीट पोचला तर फळ भरदार, टोकदार होतं, नाहीतर वाकडंतिकडं, एका बाजूनं दबलेलं. बाजारात सुबक फळ दिसतं त्यामागे वाऱ्याइतकीच माश्यांची ये-जा असते. त्यामुळे ही वाटी समोर आली की मला तिच्यात एकाच कष्टकऱ्याच्या कामाचे दोन भाग दिसतात.

सरबताबद्दल एवढंच: मध गार पाण्यात टाकला तर तळाशी बसतो. आधी लिंबाच्या रसात आणि दोन घोट कोमट पाण्यात तो मोकळा करायचा, मग माठातलं पाणी. पन्हं मात्र गुळाचंच करावं. त्याला गोड इतकं लागतं की मध वापरणं परवडत नाही, आणि कैरी, गूळ, वेलची या तिघांचं जे जमलेलं आहे त्यात चौथ्याला जागा नाही.

केकचं थोडं गणित आहे, ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक कृती साखरेच्या असतात आणि लोक साखरेच्या जागी तेवढाच मध ओततात. दोनशे चाळीस मिलीच्या कपात साखर दोनशे ग्रॅम मावते, मध मात्र तीनशे चाळीस ग्रॅम, इतका तो जड. म्हणून एक कप साखरेऐवजी पाऊण कप मध, दूध-पाणी तीन-चार मोठे चमचे कमी, आम्लता मोडायला पाव चमचा खायचा सोडा, आणि भट्टीची आच पंधरा अंशांनी कमी. माझा घरचा केक असा: दोन कप कणीक, एक चमचा सुंठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूट मीठ, दुसऱ्या भांड्यात पाऊण कप मध, अर्धा कप तेल, अर्धा कप दही, लागेल तसं अर्ध्या कपापर्यंत दूध. कोरडं ओल्यात हलक्या हातानं मिसळायचं आणि एकशे पासष्ट अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजायचं. त्याच दिवशी कापू नका. दुसऱ्या दिवशी मधानं ओल धरलेली असते, सुंठीचा तिखटपणा सगळीकडे पसरलेला असतो. जर्मनीतल्या नुर्नबर्ग शहराची मध आणि मसाल्यांची बिस्किटं जगभर प्रसिद्ध आहेत. शहराभोवतीच्या जंगलात पूर्वी मधाचा मोठा उद्योग होता आणि व्यापारी वाटांवरून मसाले येत, त्यातून ती जन्मली. आमच्याकडे मध डोंगरावर आणि आलं शेतात, दोन्ही एकाच जिल्ह्यात. आपल्या सुंठ-मधाच्या केकचं नाव व्हायला मला काही अडचण दिसत नाही.

मध कुठे वापरू नये तेही मनात पक्कं हवं. तळणीच्या पिठात नको, घारगे बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. चिक्की, आलेपाक, शेंगदाण्याचे घट्ट लाडू यांत नको. पाक कडक धरत नाही. उकळत्या चहात नको. कोमट हळदीच्या दुधात हवा असेल तर पेला ओठांना लावता आला की मगच.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरात जाऊन सांगते, इथेही सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. जन्मल्यावर मध-तूप चाटवायची, बोटानं थेंब लावायची रीत आपल्याकडे आहे आणि ती प्रेमापोटी आहे. पण मधात काही वेळा बोट्युलिझम या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढू शकत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बाळ मलूल पडतं, चोखायचं थांबतं, श्वासापर्यंत वेळ येते. घरच्या शिजवण्यानं हे बीजाणू मरत नाहीत, म्हणून शिजवलेल्या पदार्थातूनही नको. मध कितीही शुद्ध असो, स्वतःच्या पेटीतला असो. आजीला हे समजावून सांगायचं काम घरातल्या सुनेवर एकटीवर टाकू नये. बाळाच्या बापानं सांगावं.

मधुमेह असणाऱ्यांनीही ‘मध म्हणजे साखर नव्हे’ या भरवशावर राहू नये. वजनाला वजन धरलं तर मधात साखरेपेक्षा थोड्या कमी कॅलरी आहेत, पण चमच्याला चमचा धरला तर जास्त, कारण चमच्यात मध जड बसतो. चहाचा एक चमचा मध म्हणजे वीसेक कॅलरी, साखरेचा सोळा. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

शुद्धतेचं काय, हा प्रश्न हमखास येतो. पाण्यात थेंब टाकून पाहणं, कापसाची वात मधात बुडवून पेटवणं, कागदावर ठेवून पाहणं, या घरगुती परीक्षा कामाच्या नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं तेरा ब्रँडचा मध तपासला, तेव्हा फक्त तीन सगळ्या चाचण्यांना उतरले. बाकीच्यांतले बरेच नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या पास झाले होते आणि एनएमआर नावाच्या महागड्या चाचणीत अडकले, इतका भेसळीचा साखरपाक हुशारीनं बनवलेला असतो. जे प्रयोगशाळेला सहज सापडत नाही ते पाण्याच्या पेल्यात काय सापडणार? मध गोठला, त्यात खडे धरले, म्हणजे साखर घातली, हाही गैरसमज. ग्लुकोज थंडीत गोठतं, तो मधाचा धर्म. बरणी हाताला सोसेल अशा गरम पाण्यात ठेवली की मध मोकळा होतो. थेट आचेवर ठेवू नये, आणि नुसता मध फ्रीजमध्येही ठेवू नये. झाकण घट्ट लावून फळीवर राहू द्यावा. खरं तर दाणेदार गोठलेला मध भाकरीवर पसरायला जास्त सोपा, ओघळत नाही.

परीक्षा घ्यायचीच तर विकणाऱ्याची घ्यावी. महाबळेश्वर, मांघर, मेढ्याकडे गेलात, किंवा कुणी मधपाळ आठवडे बाजारात बसलेला दिसला, की त्याला विचारा: कोणत्या फुलाचा, कोणत्या महिन्यात काढला, पेटीतला की आग्या मोहोळाचा, चौकटी यंत्रातून काढल्या की पोळं पिळलं? ज्यानं स्वतः पेटी सांभाळली आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि थांबत नाही. यंदा हिरडा कसा फुलला, अवकाळी पावसानं जांभूळ कसं झडलं, वसाहती किती उडून गेल्या, सगळं सांगतो. त्याच्याकडून एकदम किलोभर घेऊ नका. दोन वेगवेगळ्या फुलांचे छोटे छोटे घ्या, घरी दोन चमच्यांत शेजारी शेजारी चाखा, आणि मग ठरवा कोणता घेवड्याच्या कोशिंबिरीत जाईल आणि कोणता श्रीखंडात.